मंजूर पेटंटमधील दुरुस्तीचा इतिहास

भारतातील पेटंटचा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्याच वर्षी ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. हा कायदा राणीच्या संमतीविना केलेला असल्यामुळे १८५७ मध्ये रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने आणावा लागला. पेटंट नियंत्रकाचे पद १९११ च्या कायद्याने निर्माण झाले.

सध्याचा १९७० चा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यात दुरुस्तीचे मार्ग चुकीच्या स्वरूपाप्रमाणे ठरतात. लेखनिकाची चूक कलम ७८ खाली सुधारता येते. समजा, भट्टीचे तापमान ९०० ऐवजी ९० अंश छापले गेले, तर नियंत्रक ती विनंतीवरून किंवा स्वतःहूनही दुरुस्त करू शकतो. मात्र दुरुस्तीने दस्तऐवजाचा अर्थ किंवा व्याप्ती ठळकपणे बदलणार असेल, तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते.

मजकुरात किंवा दाव्यांत बदल करायचा असल्यास कलम ५७ खाली अर्ज करावा लागतो. कलम ५९ ची अट कडक आहे: नवा दावा जुन्या दाव्याच्या आतच बसला पाहिजे. 'कोणताही धातू' याऐवजी 'तांबे' असे आकुंचन चालते, उलट विस्तार चालत नाही. उल्लंघनाचा किंवा पेटंट रद्द करण्याचा खटला न्यायालयात सुरू असेल, तर नियंत्रक असा बदल मंजूर करू शकत नाही.

मुळात देऊच नये असे पेटंट दिले गेले, तर मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात कलम २५ खाली विरोध करता येतो. उच्च न्यायालयात ते रद्द करण्याची मागणीही करता येते. परदेशातील अशा चुकीचे ठळक उदाहरण हळदीचे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेने १९९५ मध्ये पेटंट दिले होते. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडून फेरतपासणी मागितली. १९९७ मध्ये पेटंटमधील सर्व दावे नामंजूर झाले. असे पेटंट मुळातच दिले जाऊ नये, यासाठी पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले.