तोफखाना ते तोपहाने

भाच्याची पहिली परदेशवारी ठरली. इस्तंबूल, चार दिवस, तीन रात्री. तिकीट आधी काढलं, पाहायचं काय हे नंतर, आणि ते काम मावशीकडे. "तू इतिहास वाचतेस ना, मला फक्त लिस्ट दे. रोज तीन ठिकाणं, जास्त नको." लिस्ट करायला बसले तोवर त्याचा मेसेज आला. तिथल्या ट्रामच्या नकाशाचा स्क्रीनशॉट, त्यातल्या एका थांब्याभोवती लाल गोल आणि खाली हसण्याचे पाच इमोजी. थांब्याचं नाव होतं तोपहाने.

"मावशी, हा तर आपला तोफखाना!"

मी लिहिलं, "हसू नकोस. आपलाच आहे."

नगरच्या माणसाला तोफखाना म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं. पेपरात रोज एखादी बातमी तिथलीच. तोफ कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. पण शब्द उलगडून पाहा. 'तोप' तुर्की, 'खाना' फारसी. 1453 मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि शहरासमोरच्या किनाऱ्यावर तोफा ओतण्याचा कारखाना उभा राहिला. त्या वस्तीचं नाव तोपहाने पडलं. आपल्याकडेही तोच शब्द 'तोप'चं 'तोफ' होऊन रुळला. कैची आणि चकमक हे शब्दही मुळात तुर्कीच. मात्र तोफेबरोबर नुसता शब्द आला नाही, माणसंही आली. त्यातल्या एकाचं नाव धातूत कोरलेलं आहे.

शाळेच्या सहलीतली तोफ

भाचा सातवीत असताना शाळेच्या सहलीला विजापूरला गेला होता. गोल घुमटात ओरडून घसा बसवून आला. तिथल्या शेरझा बुरुजावरच्या मलिक-ए-मैदान तोफेपुढे काढलेला त्याचा फोटोही आहे. तोफेचं तोंड म्हणजे जबडा पसरलेलं श्वापद, त्या जबड्यात चिरडलेला हत्ती. लांबी साधारण साडेचार मीटर, वजन सुमारे 55 टन. ही तोफ विजापूरची नाही, हे सहलीत कोणी सांगितलं नव्हतं. ती 1549 मध्ये अहमदनगरला बुऱ्हाण निजामशाहच्या कारकिर्दीत ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला गेली. इंग्रजी अमलात, 1854 मध्ये, तिचा लिलाव पुकारला गेला तेव्हा सर्वांत मोठी बोली आली 150 रुपयांची. सुदैवाने तो लिलाव रद्द झाला.

तोफेवरच्या लेखात ओतणाऱ्याचं नाव आहे, मुहम्मद बिन हसन रूमी.

'रूमी' म्हटलं की तुम्हाला तो कवी आठवेल, इन्स्टाग्रामवर ज्याच्या नावाने कोणतंही वाक्य खपतं. दोघांच्या नावातला 'रूमी' एकच आहे आणि त्याचा साधा अर्थ 'रूमचा'. रूम म्हणजे रोम. पण इटलीतलं रोम शहर नव्हे. रोमन सम्राट कॉन्स्टँटाइनने 330 मध्ये बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी वसवली. पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळलं तरी इकडचं हजारेक वर्षं टिकलं, आणि इथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत राहिले. तुर्क त्यांच्या मुलखात शिरले तेव्हा त्या मुलखालाही ते 'रूम'च म्हणू लागले. कवी जलालुद्दीन तिथल्या कोन्यात राहिला म्हणून रूमी. आपला तोफ ओतणारा उस्मानी तुर्कांच्या मुलखातला म्हणून रूमी. म्हणजे सीना नदीकाठी काम करणाऱ्या एका कारागिराच्या नावात रोम शहर होतं.

चौलच्या पाण्यात

तो इतक्या लांब कशासाठी आला? हे समजायला नगरहून कोकणात उतरावं लागतं. अलिबागजवळचं चौल हे निजामशाहीचं समुद्राकडचं दार होतं. घोडे तिथे उतरत आणि घाट चढून वर येत.

1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. त्याआधी आपल्याकडची मिरी तांबड्या समुद्रातून कैरोला, तिथून अलेक्झांड्रियाला आणि मग व्हेनिसला जाई. वाटेत प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून थेट वाट काढली आणि या सगळ्यांच्या पोटावर पाय आला. इजिप्तच्या मामलुक सुलतानाने सुएझला आरमार बांधायला घेतलं. तिथे लाकूड कुठलं? ते भूमध्य समुद्रातून जहाजांनी आणावं लागलं. त्या लाकडाची जहाजं निघाली आणि मार्च 1508 मध्ये चौलच्या खाडीत गुजरातच्या आरमाराच्या साथीने पोर्तुगीजांशी भिडली. या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉयने दीवला सूड उगवला.

व्हेनिस आणि कैरोचं भांडण आपल्या चौलात येऊन लढलं गेलं. त्यानंतर 1517 मध्ये उस्मानी तुर्कांनी कैरो घेतलं. तोफ ओततो, बंदूक चालवतो, सुरुंग लावतो असे रूमी लोक गुजरातेत आणि दख्खनेत येत राहिले. इथल्या सुलतानांना त्यांची गरज होती आणि पगार चांगला होता. आज आपली मुलं आखातात, जर्मनीत जातात, त्याच हिशेबाने. 1565 च्या तालीकोटच्या लढाईतही हुसेन निजामशाहचा तोफखाना चलेबी रूमी खानाच्या हाताखाली होता. शत्रू अगदी जवळ आल्यावर त्याने गोळ्यांऐवजी तांब्याची नाणी भरून तोफा डागल्या, असं फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा, नगरला वाढलेला.

आणखी एक वाक्य नगरबद्दल नेहमी ऐकू येतं. मलिक अहमदने 1490 मध्ये इथे बहमनी फौजेचा पराभव केला, चार वर्षांनी शहर वसवायला घेतलं, आणि थोड्याच काळात लोक त्याची तुलना बगदाद आणि कैरोशी करू लागले. लहानपणी मला ही नुसती फुशारकी वाटे. आता वाटतं, तुलना करणारे कोण होते ते पाहायला हवं. बुऱ्हाणचा सल्लागार शाह ताहिर कैरोच्या फातिमी खलिफांचं कूळ सांगणारा. गोव्याहून येणारा त्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता पोर्तुगालमध्ये जन्मलेला. ज्या शहरात जगभरची माणसं येऊन राहतात, तिथे अशी तुलना सहज तोंडात येते.

पाणी कसं आलं

भाच्याच्या यादीत दुसऱ्या दिवशी व्हॅलेन्सचा जलसेतू आहे. चौथ्या शतकातल्या त्या कमानींखालून आजही गाड्या जातात. त्यापुढे मी सिनानचं नाव लिहिलं. सुलतान सुलेमानचा हा वास्तुकार सुलेमानिये मशिदीसाठी प्रसिद्ध आहे, पण इस्तंबूलच्या लोकांची तहान भागली ती त्याच्या किर्कचेश्मे योजनेने. शहराबाहेरचं पाणी नळांनी आणि कमानींवरून आत आणण्याचं हे काम 1563 च्या आसपास पुरं झालं.

त्याच शतकात नगरलाही हेच चाललं होतं. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार अशा बाजूंनी खापरी नळ जमिनीखालून शहरात आणले गेले. मातीचे भाजलेले नळ, एकात एक बसवलेले, सांधे चुन्याने भरलेले. मध्ये हवा सुटावी म्हणून उंच मनोरे. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा अचूक हिशेब. मुर्तझा निजामशाहचा मंत्री सलाबतखान याने या कामात मोठा वाटा उचलला. त्याच काळात, 1583 मध्ये, तळ्याच्या मधोमध फराहबागचा महाल पुरा झाला. भाचा राहतो तिथला भिस्तबाग म्हणजे मूळचा 'हश्त बिहिश्त', आठ स्वर्ग. कोरड्या मुलखात पाणी खेळवणं हाच त्या लोकांचा स्वर्ग होता. आपल्याकडे टँकरची वाट पाहणाऱ्याला तो लगेच कळेल.

जो इथून गेला

वाट एकाच बाजूने वाहिली नाही. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा नामदेव जाधव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होता. 9 एप्रिल 1945 रोजी उत्तर इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. नामदेवने दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांमधून मागे आणलं, मग परत जाऊन शत्रूचे मोर्चे उद्ध्वस्त केले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्ब घेतले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा वय 23, भाच्यापेक्षा एक वर्षाने लहान. ही नदी राव्हेन्नाच्या परिसरात आहे, आणि राव्हेन्नाची मोझेकची चर्चेस पाहायला जगभरचे लोक जातात. तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाच्या यादीत सेनिओ नसते.

दिवस शून्य

शेवटी मी चार दिवसांची यादी पाठवली. हागिया सोफिया, सुलेमानिये, जलसेतू, तोपहाने, रोज तीनच. पण तिच्या वर एक ओळ जोडली, 'दिवस शून्य : अहिल्यानगर'.

सकाळी भुईकोट किल्ला. हुसेन निजामशाहने दगडात बांधून घेतलेला, 22 बुरुजांचा. लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र बरोबर ठेव. 1942 नंतर नेहरू, पटेल, आझाद इथेच कैदेत होते. मग मक्का मशीद, जी रूमी खानाच्या नावाशी जोडली जाते. दुपारी फराहबाग. तळं आता कोरडं असतं, तेव्हा पाणी मनाने भरून पाहा. संध्याकाळी पाथर्डीच्या वाटेवर डोंगरावरचा चांदबिबी महाल. तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. ती त्याच सलाबतखानाची कबर आहे, ज्याने शहराला पाणी पाजलं. लोकांनी वास्तू जपली, नाव मात्र दुसऱ्याचं दिलं.

नावांचं असंच असतं. तू जातोयस ते शहर आधी बायझँटियम होतं, मग कॉन्स्टँटिनोपल, आणि 1930 पासून अधिकृतपणे इस्तंबूल. आपलं शहर 2024 पासून चौंडीच्या लेकीच्या, अहिल्यादेवींच्या नावाचं झालं. नाव बदललं तरी जमिनीखालचे नळ तिथेच आहेत. पण ते कोणाला ठाऊकच नसतील, तर उद्या पाया खणताना जेसीबी त्यांना फुटकी खापरं समजेल. खरी भीती तीच आहे. पुसायला कोणी लागत नाही, माहीत नसलं की पुरतं.

त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं. सातवीतला तोफेपुढचा फोटो, आणि खाली, "मावशी, रविवारी गाडी काढतो. तू पण चल. डोंगरावर चहा मिळतो का?"

थर्मास भरून घेऊ, म्हटलं.