पाणसुरुंग आणि निर्मनुष्य नौका

नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून आपले दर्यावर्दी होड्या पाण्यात लोटतात. वारा आणि लाट यांचे भय त्यांस परिचयाचे असते. परंतु मनुष्याने पाण्याखाली दडवून ठेविलेल्या सुरुंगाचे भय निराळे आहे.

1917 च्या फेब्रुवारीत ‘वुल्फ’ ह्या जर्मन जहाजाने मुंबईबाहेरील समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले. 23 जून रोजी टपाल व उतारू घेऊन जाणारी ‘मंगोलिया’ ही आगबोट त्यांपैकी एकावर आदळून बुडाली. वीसहून अधिक जीव गेले. त्या वेळी ‘वुल्फ’ दूर पॅसिफिक महासागरात होते. पेरणारा निघून जातो आणि भोगणारा मागाहून येतो, हा ह्या अस्त्राचा स्वभावच होय.

ते काढणाऱ्यांस तर जाणूनबुजून मृत्यूच्या वाटेवर जावे लागे. 1950 च्या ऑक्टोबरात कोरियातील वॉन्सान बंदराबाहेर सुमारे 3000 सुरुंगांनी अमेरिकेचा प्रचंड काफिला रोखून धरला. 12 ऑक्टोबर रोजी तेथे ‘पायरेट’ व ‘प्लेज’ ह्या सुरुंग काढणाऱ्या नौकाच बुडाल्या. मग पुढे माणसाऐवजी यंत्र धाडता येणार नाही काय?

1980 नंतर पश्चिम जर्मनीने ह्या प्रश्नास एक उत्तर दिले. तीन निर्मनुष्य नौका सुरुंगांच्या क्षेत्रात शिरून मोठ्या जहाजासारखे चुंबकत्व व आवाज निर्माण करीत आणि सुरुंगास फसवून फोडीत. त्यांस चालविणारे खलाशी मात्र दूरच्या जहाजावर असत. 2003 साली इराकच्या उम्म कस्र बंदरात ‘रेमस’ नावाची लहान स्वयंचलित यंत्रे आखून दिलेल्या मार्गाने फिरून ध्वनिलहरींनी तळाचे चित्र घेऊन परतली. मार्ग निर्धोक झाल्यावर 28 मार्च रोजी मदतसामग्रीचे ‘सर गॅलहॅड’ हे जहाज धक्क्यास लागले.

आपल्याकडील स्थिती चिंताजनक होती. गोवा शिपयार्डात बारा सुरुंगविरोधी नौका बांधण्याची योजना 2018 मध्ये बारगळली आणि 2019 मध्ये ‘कोझिकोड’ ही अशी शेवटची जुनी नौकाही नौदलातून निवृत्त झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये मात्र विशाखापट्टणच्या नौदल-संशोधन प्रयोगशाळेने माणसांस उचलून नेता येतील अशी स्वयंचलित पाणयंत्रे विकसित केल्याचे जाहीर झाले. संशयास्पद वस्तू ती स्वतः ओळखतात व एकमेकांस पाण्याखालून संदेश देतात.

यंत्राने सर्व साधते असे आम्ही म्हणत नाही. तळाचा खडक आणि सुरुंग यांत गल्लत होऊ शकते, आणि अंतिम निर्णयास जाणता माणूस लागतोच. परंतु फुटलेले यंत्र पुन्हा घडविता येते. बुडालेल्या खलाशाच्या घरी दुसरा खलाशी धाडता येत नाही. जी बंदरे आपणांस अन्न पुरवितात, त्यांच्या रक्षणाची ही विद्या आपण विलंबाने का होईना, हाती घेतली, ह्याचे आम्हांस समाधान वाटते.