विहिरीच्या पाण्यातील लोह व लोहजिवाणू

विहिरीच्या पाण्यातील लोह ही भूजलाच्या गुणवत्तेची जगभर आढळणारी समस्या आहे. उपसताना स्वच्छ दिसणारे पाणी काही वेळाने तांबूस होणे, त्याला गंजाची चव येणे, कपड्यांवर व भांड्यांवर पिवळट डाग पडणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. अशा पाण्यात लोहजिवाणू वाढल्यास विहीर, पंप आणि नळ यांत तांबडा बुळबुळीत थर साचतो. भूजलात विरघळलेले लोह, लोखंडी नळाच्या गंजातून आलेले लोह आणि लोहजिवाणू यांची लक्षणे वरकरणी सारखी असली, तरी त्यांवरील उपाय वेगळे आहेत. कारण न ओळखता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

उगम

भूकवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह असते. जमिनीत खोलवर, जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तेथे सेंद्रिय द्रव्यांच्या विघटनामुळे खनिजांतील लोहाचे क्षपण होऊन ते फेरस स्वरूपात पाण्यात विरघळते. या पाण्याला रंग नसतो. पाणी वर येऊन हवेशी संपर्क झाला की फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि फेरिक हायड्रॉक्साइडचा न विरघळणारा तांबूस साका तयार होतो. पाणी उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असल्यास ही क्रिया लवकर घडते. आम्लधर्मी पाण्यात ती फार मंदावते.

जांभा खडकाच्या प्रदेशात, उदाहरणार्थ कोकणात व गोव्यात, दगडाच्या लाल रंगावरून पाण्यातही लोह असणारच असा समज होणे स्वाभाविक आहे. तो नेहमी खरा ठरत नाही. जांभ्यातील लोह बहुतांशी ऑक्सिडीकरण झालेले, म्हणजे न विरघळणारे असते आणि उघड्या विहिरीच्या पाण्यात हवाही मिसळलेली असते. मात्र अशा भागातील भूजल पुष्कळदा किंचित आम्लधर्मी असते आणि ते हातपंपाचे जस्तलेपित लोखंडी नळ कुरतडते. पश्चिम आफ्रिकेतील हातपंपांबाबतही असेच आढळले: लाल पाण्याचे कारण अनेक ठिकाणी भूगर्भात नसून पंपाच्या नळांत होते.

लोहजिवाणू

लोहाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवणाऱ्या किंवा आपल्याभोवती लोहाचा साका जमवणाऱ्या जिवाणूंना लोहजिवाणू म्हणतात. गॅलिओनेला या जिवाणूचे पिळदार देठ आणि लेप्टोथ्रिक्सची नळीसारखी आवरणे सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखता येतात. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८८८ साली लेप्टोथ्रिक्सवरील अभ्यासातून लोहाचे ऑक्सिडीकरण हे सजीवाच्या ऊर्जेचे साधन असू शकते, असे मांडले. या क्रियेतून मिळणारी ऊर्जा अत्यल्प असल्याने थोड्याशा जिवाणूंनाही पुष्कळ लोह वापरावे लागते; म्हणूनच जिवाणूंच्या मानाने गाळ कितीतरी अधिक दिसतो.

हे जिवाणू माती व उथळ भूजलात मुळातच असतात. खोदकामाची अवजारे, जमिनीवर ठेवलेले नळ किंवा दुरुस्तीसाठी काढलेला पंप यांवाटे ते नव्या विहिरीत जातात. लोह असलेले पाणी आणि थोडासा ऑक्सिजन जेथे एकत्र येतात, तेथे त्यांची वाढ होते. विंधन विहिरीची जाळी व पंपाचे तोंड ही अशी ठिकाणे होत. विहिरीचे पाणी हळूहळू कमी होण्यामागे कधीकधी झरे आटणे नव्हे, तर हा थरच असतो.

कारण ओळखणे

पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात घेऊन ठेवावे. सुरुवातीला नितळ असून नंतर तांबूस झाल्यास लोह विरघळलेले आहे. पहाटेचे पहिले पाणी लाल आणि बराच वेळ उपसल्यावर नितळ येत असल्यास नळाच्या गंजाचा संशय घ्यावा. शौचालयाच्या फ्लशच्या टाकीत जेलीसारखा तांबडा थर आढळणे हे जिवाणूंचे लक्षण आहे. पाण्यावर तेलासारखा तवंग दिसल्यास तो काडीने ढवळावा: जिवाणूंचा तवंग तुकड्यातुकड्यांनी फुटतो, तेलाचा पुन्हा जुळून येतो.

लोहयुक्त पाण्याचा चहा काळपट होतो. चहातील टॅनिन व लोह यांच्या संयोगाने हा रंग येतो. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करण्याच्या जुन्या पद्धतीमागे हीच क्रिया आहे. पेरूचे पान चुरडून पाण्यात टाकल्यास पाणी जांभळट काळे होते, तेही याच कारणाने. लोहाचे नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते.

आरोग्य

आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातील लोहाची मर्यादा आधी लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५च्या दुरुस्तीने ती १ मिलिग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने लोहासाठी आरोग्याधारित मर्यादा ठरवलेली नाही, कारण घातक प्रमाण गाठण्याच्या पुष्कळ आधीच पाणी चवीमुळे नकोसे होते. लोहजिवाणूही रोगकारक मानले जात नाहीत; मात्र त्यांच्या थराखाली इतर सूक्ष्मजीवांना आसरा मिळतो.

खरा धोका अप्रत्यक्ष आहे. लाल पाण्याला कंटाळून कुटुंबे हातपंप सोडतात आणि दिसायला नितळ, पण मैलामिश्रित असू शकणाऱ्या उघड्या पाणवठ्याकडे वळतात. गंगा व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत लोहाबरोबर आर्सेनिकही आढळते. तेथे केवळ लालपणा गेला म्हणून पाणी सुरक्षित मानता येत नाही.

लोह काढण्याचे उपाय

विरघळलेले लोह काढण्याची मूळ पद्धत म्हणजे पाण्यात हवा मिसळणे, साका बसू देणे आणि वाळूतून गाळणे. १ मिलिग्रॅम लोहासाठी केवळ ०.१४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, त्यामुळे पाणी उंचावरून सच्छिद्र ताटलीतून टाकीत पाडणेही अनेकदा पुरते. आसामात कोळसा व वाळूची घरगुती गाळणी प्रचलित आहेत. केळीची अल्कधर्मी राख पाण्याची आम्लता कमी करून ऑक्सिडीकरणास मदत करते.

तुरटीने तयार झालेला साका लवकर बसतो, परंतु विरघळलेले लोह निघत नाही. उलट पाणी किंचित आम्लधर्मी होते. मृदुकरण यंत्र अल्प फेरस लोह काढते, पण तांबूस वा बुळबुळीत पाण्याने ते तुंबते. आरओ यंत्राच्या पटलाचीही तीच गत होते. नळ गंजत असल्यास गाळणीपेक्षा पीव्हीसी नळ बसवणे श्रेयस्कर. कपड्यांवरील डागांवर ब्लीच वापरल्यास ते अधिक पक्के होतात. लिंबाचा रस किंवा ऑक्झॅलिक आम्ल उपयोगी पडते.

जिवाणूंवरील उपाय

लोहजिवाणूंवर तीव्र क्लोरीन प्रक्रिया करतात, पण आधी थर घासून काढणे आवश्यक असते. थराच्या आतील जिवाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही आणि ते लोहावरच खर्ची पडते. पंप व नळ बाहेर काढून स्वच्छ करावेत, विंधन विहिरीचा नळ ब्रशने घासावा आणि गढूळ पाणी उपसून टाकावे.

नंतर लिटरला ५० ते २०० मिलिग्रॅम क्लोरीन मिळेल अशी मात्रा देतात. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असल्यास ते सुमारे १४,००० लिटर भरते. त्यात ५० मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी ७०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे २५ टक्के क्लोरीन असलेली सुमारे २.८ किलो टीसीएल पावडर लागते. गावोगावी ग्रामपंचायती वापरतात ती हीच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, मात्र साठवणुकीत ते घटत जाते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा व वरची निवळी विहिरीत सोडावी. विंधन विहिरीसाठी सोडियम हायपोक्लोराइट अधिक योग्य, कारण त्याचा चुना बसत नाही.

हे पाणी प्रत्येक नळाला वास येईपर्यंत खेळवून १२ ते २४ तास तसेच ठेवतात. घरातील गाळणी व मृदुकरण यंत्र या काळात वेगळे काढावे. त्यानंतर वास जाईपर्यंत उपसा करावा. हे पाणी पिकांत, तळ्यात किंवा सेप्टिक टाकीत सोडू नये. क्लोरीन घातलेल्या विहिरीत उतरू नये. टीसीएल व आम्ल कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

एकदा रुजलेले लोहजिवाणू समूळ नष्ट होणे दुर्मीळ असते. काही महिन्यांनी थर पुन्हा दिसू लागतो आणि प्रक्रिया ठरावीक अंतराने करावी लागते. पंप काढल्यावर तो मातीवर न ठेवता ताडपत्रीवर ठेवणे आणि परत बसवण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्याने धुणे, एवढ्याने ते अंतर वाढवता येते.