मुक्या जीएचची गोष्ट

इंग्रजीचा तास चालू होता. फळ्यावर 'नाइट' म्हणजे रात्र हा शब्द लिहिला होता : एन, आय, जी, एच, टी. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मधली दोन अक्षरं बोलायचीच नाहीत, तर लिहायची कशाला ?" आम्ही नेहमीचे उत्तर ठोकून दिले, "इंग्रजी तशीच आहे. पाठ कर." त्याच आठवड्यात चाचणीत तिने हा शब्द एन-आय-टी-ई असा लिहिला आणि आम्ही त्यावर लाल फुली मारली. खरे तर कानाला जे ऐकू आले तेच तिने इमानाने लिहिले होते. तिच्या प्रश्नाला उत्तर होते. आम्हालाच ते ठाऊक नव्हते.

उत्तर असे की, एके काळी ही अक्षरे मुकी नव्हती. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात रात्रीला 'निख़्त' असे काहीसे म्हणत. यातला 'ख़' आपल्या 'खडू'मधला नव्हे. उर्दू बोलणारे 'ख़त', 'ख़बर' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूजवळ नेऊन हवा घासत सोडतात, तसा. जर्मन भाषेत तो आजही टिकून आहे : रात्र म्हणजे 'नाख़्त', आठ म्हणजे 'आख़्त', मुलगी म्हणजे 'टोख़्टर'. या तिन्ही शब्दांच्या इंग्रजी भावंडांत, म्हणजे नाइट, एट आणि डॉटर यांत, नेमक्या त्याच जागी जीएच बसलेला आहे. स्कॉटलंडच्या बोलीतही रात्रीला 'निख़्त' म्हणणारे लोक आहेत.

आणखी मागे गेलो तर आपल्याच अंगणात येतो. संस्कृतात रात्रीला 'नक्तम्' असाही शब्द आहे. दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला 'नक्त' म्हणतात, हे आपल्या आजीला ठाऊक असते. 'नक्त' आणि 'नाइट' एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. मूळ भाषेतल्या 'क'च्या जागी जर्मन-इंग्रजी घराण्यात घासून येणारा 'ख़' किंवा 'ह' आला. असे बदल मनमानी नसून नियमाने होतात, हे याकोब ग्रिमने १८२२ साली दाखवले. लहान मुलांच्या परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी हा थोरला. म्हणजे त्या मुलीने गाळलेला जीएच हा आपल्या 'नक्त'मधल्या 'क'चा सख्खा भाऊ होता !

जुने इंग्रज लेखनिक हा ध्वनी नुसत्या 'एच'ने लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. मध्यंतरी इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे दिसणारे एक अक्षरही या ध्वनीसाठी वापरात होते. पुढे 'जी' आणि 'एच' ही जोडी स्थिरावली.

आता गंमत पाहा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. छापील पुस्तकांमुळे शब्दांची लेखी रूपे हळूहळू ठरीव होत गेली आणि नेमक्या त्याच दोनेकशे वर्षांत लोकांच्या तोंडातून हा 'ख़' नाहीसा होत होता. माणसे बोलायची थांबली, खिळे जुळवणारे मात्र जुळवतच राहिले.

पण जाताना त्या ध्वनीने खुणा ठेवल्या. 'निख़्त'मधला 'ख़' गळताच त्याची भरपाई म्हणून आधीचा 'इ' लांबला आणि 'नीत' झाले. पुढे इंग्रजीतले सगळेच दीर्घ स्वर सरकले, त्या लाटेत 'ई'चा 'आय' झाला. म्हणूनच एस-आय-टी म्हणजे 'सिट', पण मध्ये जीएच आला की 'साइट'. 'फिट'चा 'फाइट', 'लिट'चा 'लाइट'. तेव्हा जीएचला अगदीच मुका म्हणणे अन्यायाचे आहे. तो स्वतः बोलत नाही, शेजाऱ्याला बोलायला लावतो. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा निम्म्या वर्गाच्या चुका आपोआप कमी झाल्या, असे म्हणण्याचा मोह होतो. तेवढे काही झाले नाही. पण मुलांनी पुस्तकातून असे शब्द शोधून काढले हे खरे.

मग 'लाफ', 'रफ', 'कफ' यांत जीएचचा 'फ' कसा झाला ? हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. ओठांचा चंबू करून 'उ' म्हणा आणि तसेच ओठ ठेवून 'ख़' म्हणा. घशातले घासणे जरा ढिले पडले की ओठांतून सुटणारी हवाच तेवढी ऐकू येते, आणि ती ऐकणाऱ्याला 'फ'सारखी वाटते. म्हणून हा 'फ' फक्त 'एयू' किंवा 'ओयू' यांच्या पाठोपाठ सापडतो, 'आय'नंतर कधीच नाही. मात्र एका गावी 'फ' झाला, दुसऱ्या गावी ध्वनी गळाला, आणि प्रमाण इंग्रजीने दोन्हीकडचे शब्द उचलले. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये विदूषक 'डॉटर'चे यमक 'आफ्टर'शी जुळवतो, तेव्हा 'डाफ्टर' म्हणणारेही कोणी असावेत !

भुताची कथा वेगळी. 'घोस्ट'मध्ये असा ध्वनी कधीच नव्हता. कॅक्स्टन छपाईत पडण्यापूर्वी ब्रूझ शहरात बरीच वर्षे राहिला होता. तिकडच्या फ्लेमिश लेखनात आरंभीच्या 'ग'साठी जीएच लिहीत, ती सवय त्याच्या छापखान्यात आली. हंस, बकरी या शब्दांनाही तिथे जीएच लागला होता. ते सुटले, भूत अडकले. 'घाट' आणि 'घी' यांतला जीएच मात्र आपला महाप्राण 'घ', इंग्रजांनी इथून नेलेला.

जी-एच-ओ-टी-आय याचा उच्चार 'फिश' करता येतो, ही कोटी बर्नार्ड शॉच्या नावावर खपते. ती १८५५ सालच्या एका पत्रात आढळते; शॉचा जन्म १८५६चा. शिवाय कोटी चुकीची आहे. शब्दाच्या आरंभी जीएच कधीही 'फ' होत नाही. इंग्रजीत नियमच नाहीत असे मुलांना हसत हसत पटवणारी ही गोष्ट आम्हीही वर्षानुवर्षे सांगितली आहे.

आपल्याकडे असे काही नव्हते असे नाही. जुन्या पुस्तकांत 'नांव', 'पांच', 'दांत' असे छापलेले दिसते. 'नाम'मधला 'म', 'पञ्च'मधला 'ञ', 'दन्त'मधला 'न' यांची ती पाऊलखूण. उच्चार गेला होता, टिंब राहिले होते, आणि ते चुकले म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीने छड्या खाल्ल्या. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे नियम स्वीकारले आणि ही टिंबे गेली. इंग्रजीत असे करणारे महामंडळ नाही. उलट सोळाव्या शतकात 'डिलाइट' या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाला, 'लाइट'सारखा दिसावा म्हणून, नसलेला जीएच चिकटवण्यात आला.

त्या मुलीची वही पुन्हा हाती आली तेव्हा फुली खोडता आली नाही. परीक्षेत जीएच लिहावाच लागतो. फुलीशेजारी आम्ही 'नक्त' एवढा शब्द लिहिला आणि तिला बोलावून घेतले.