पायाखालची भुई

पनवेलहून रोह्याकडे जाणारी आगगाडी आपटा सोडून पेणच्या वाटेला लागली की मध्ये जिते नावाचे एक लहानसे स्थानक येते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि त्यापलीकडे खाडीची खारजमीन. पावसाळ्यात या मुलखात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. येथे घर बांधणाऱ्याला छपराइतकीच चिंता भुईची असते. वरून येणारे पाणी कौले अडवतील. खालून चढणाऱ्या ओलीला कोण अडवणार?

आपल्या वाडवडिलांनी या प्रश्नाचे उत्तर फार विचारपूर्वक दिले होते. आधी जोते उंच घ्यावयाचे. त्यात दगडगोटे, मुरूम आणि वर चाळलेली माती भरावयाची. मग पाणी शिंपडून ती चोपण्याने धोपटावयाची. वाळताना भेग पडली की पुन्हा पाणी, पुन्हा चोपणे. दिवसचे दिवस हे काम चाले, आणि ते बहुधा घरातल्या बायकांच्याच हातून होई. शेवटी शेणाचा हात फिरला की भुई झाली! अशी भुई ओल कोंडून ठेवीत नसे. खालून आलेला दमटपणा वर उडून जाई. पावसाळ्याने खराब झालेली ही जमीन दसरा-दिवाळीच्या सुमारास नव्याने सारवली जाई, तेव्हा कुठे तिच्यावर रांगोळी उमटे.

मग लाकूड? लाकूड वरच्या मजल्यावर. तुळयांवर आडव्या कड्या आणि त्यांवर सागाच्या फळ्या, अशी माडीची जमीन असे. वर तिला दोन्ही बाजूंनी वारा मिळे आणि वाळवीही सहज पोहोचत नसे. ज्याच्या घरी फळ्यांची माडी, तो गावातला मातबर. पाहुणा ओटीवर बसल्या बसल्या वर कुणाची पावले वाजतात हे ऐके, आणि यजमानाची ऐपत मनात मोजी.

ऐपतीचा हा थाट पुण्यात शिगेला पोहोचला. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत केली. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीहून. पुढे त्यावर मजले चढले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ते सारे लाकडी वैभव राख झाले. आज तेथे जाणाऱ्याला काय दिसते? तट, दरवाजे, आणि आत दगडी जोत्यांच्या ओळी. जे मिरवावयाचे होते ते गेले. जे खाली दडलेले होते ते राहिले.

साग सामान्यांच्या पायाखाली कधीच स्वस्तात आला नाही. शिवकाळाचे राज्यधोरण सांगणाऱ्या आज्ञापत्रात, आरमारासाठी साग तोडावयाचा तोही हुजूरच्या परवानगीने, आणि रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, असा दंडक आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांभोवती कुंपणच घातले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढी ओरड झाली की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. तरी दुखणे राहिलेच. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला शेतकरी, आगरी, कातकरी हाती कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर चढले. गोळीबार झाला, गावकरी पडले, सरकारी माणसेही पडली. ज्या डोंगराच्या सावलीत जन्म गेला, त्यातले लाकूड आपले की सरकारचे, हा त्यांचा प्रश्न होता.

तोवर जमिनीचे नवे रूप दाराशी आले होते. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेने सिमेंटच्या नक्षीदार फरशा बनविण्याचा उद्योग काढला. त्याआधी अशी फरशी विलायतेहून येई. पुढे शहाबादी आली, मोझेक आले. चोपणे अडगळीत गेले आणि बायकांच्या कंबरांना विसावा मिळाला. ही सुधारणा लहान मानू नये.

आता चक्र फिरून लाकडाची हौस तळमजल्यावर उतरली आहे. हौस जरूर करावी. पण भुईला विसरू नये. लाकूड कापले गेले तरी पाणी पिण्याची सवय सोडीत नाही. ओल मिळाली की फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून सिमेंटचा कोबा आधी पुरता वाळू द्यावा. इंचभर जाडीला साधारण महिना. मग त्यावर प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली दव जमले तर थांबावे. लांब पट्टी टेकवून उंचसखलपणा काढावा, ओल अडविणारा थर घालावा, वर खिळे धरील असे प्लायवूड बसवावे. फळ्या काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात, म्हणजे त्या तेथल्या हवेला सरावतात. एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत बसवून जिभेतून तिरका खिळा मारावा, आणि भिंतीलगत सुमारे अर्धा इंच जागा सोडून ती पट्टीने झाकावी. ही जागा सोडली नाही, तर वैशाखात घट्ट बसविलेली जमीन आषाढात फुगून मध्येच उचलते.

वाचकहो, ही सारी खटपट वाचून काही ओळखीचे वाटले का? भराव, सपाटी, वाळवण, धीर! चोपणे हाती धरणारी आजी हेच करीत होती. तिच्या कामाला कुणी कारागिरी म्हटले नाही, मजुरीही दिली नाही. यंदा पाडव्याचा पाट मांडताना खालच्या जमिनीवरून, ती मातीची असो, फरशीची वा सागाची, एकदा सावकाश हात फिरवून पाहा. सपाट लागली, तर ती कुणाच्या तरी गुडघ्यांवर बसून केलेली आहे.