चालेल की! : जुना पीसी, नवा गेम आणि नांदेड-लातूरचा अंदाज

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा हलका वाटेल, पण आमच्याकडे यावर घराघरांत वाद झालेले आहेत. नवा गेम जुन्या पीसीवर चालेल का? आजकाल एखाद्या साइटवर गेमचं नाव टाकलं की हिरवी किंवा लाल खूण येते. २००३-०४ च्या सुमारास नांदेड-लातूरकडे हा प्रश्न विचारायचा माणूस ठरलेला होता. ज्याने पीसी असेंबल करून दिला, तोच. आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं: "चालेल की! नाहीच चाललं तर रॅम वाढवू."

आता यात गंमत कमी आणि खर्च जास्त होता. पीसी घरात यायचा तो "अभ्यासासाठी". लातूर पॅटर्नच्या गावात बारावीनंतर, नाहीतर नांदेडला विष्णुपुरीच्या गुरु गोबिंदसिंहजी इंजिनिअरिंग कॉलेजला (स्थापना १९८१) नंबर लागला की. तो चार वर्षं टिकलाच पाहिजे, हे घरचं गणित. नांदेडहून रेल्वेने सिकंदराबाद गाठून चिनॉय ट्रेड सेंटरमधून पार्ट आणायचा म्हणजे पैसे, दिवस आणि वर वडिलांना सांगायचं कारण, इतकी सगळी तयारी लागायची. आणलेला पार्ट बसलाच नाही तर? म्हणून अंदाज बरोबर येण्याला किंमत होती.

"रॅम वाढवू" हे उत्तर फसवण्यासाठी दिलेलं नसायचं. त्याच्यामागे दहा वर्षांचा अनुभव होता. गेमच्या दुनियेत खूप काळ सगळं खरंच वेगावर आणि मेमरीवर ठरत होतं. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हा ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम एवढी त्याची मागणी. ३८६ वर तो रडतखडत चालायचा, मग लोक चित्राची चौकट लहान करून खेळायचे. म्हणजे उत्तर "हो" किंवा "नाही" नव्हतंच, "किती हळू" एवढंच होतं. अशा काळात मेगाहर्ट्झचा आकडा बघून अंदाज बांधणारा माणूस फारसा चुकत नसे.

पहिला तडा गेला तो 'क्वेक'ने, जून १९९६ मध्ये. क्वेकला अपूर्णांकांची गणितं वेगात लागत आणि त्याचा कोड इंटेलच्या पेंटिअमची रचना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला होता. पेंटिअममध्ये एकीकडे भागाकार चालू असताना दुसरीकडे बाकीचं काम उरकता यायचं, त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. त्याच वेळी सायरिक्सचा ६x८६ प्रोसेसर स्वस्तात मिळायचा. त्याच्यावर "१६६+" छापलेलं, आत घड्याळ १३३ मेगाहर्ट्झचं. ऑफिसच्या कामात तो खरंच १६६ च्या पेंटिअमच्या तोडीस तोड, आणि क्वेक लावला की पार ढेपाळायचा. आकडा खोटा नव्हता हो, तो दुसऱ्याच परीक्षेतला होता.

तरीही तो चालायचा, हळू का होईना. खरी पंचाईत पुढे झाली.

इथे लातूरचंच उदाहरण देतो. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली ती अडीच फुटी नॅरोगेज रुळांवर. पुढे जवळपास शतकभर पुण्या-मुंबईकडे रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीला गाडी बदलायची, मालही तिथे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवायचा. ब्रॉडगेजचं इंजिन कितीही ताकदवान असू द्या, त्या रुळावर ते धावणार नाही. हळूसुद्धा नाही! २००७-०८ मध्ये रूळच बदलले, तेव्हा प्रश्न सुटला.

ग्राफिक्स कार्डांचं २००१ नंतर नेमकं हेच झालं. २००१ च्या 'जीफोर्स ३' मध्ये पिक्सेल शेडर नावाची सोय आली, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा ठरवायचा याचा छोटा प्रोग्राम गेमवाल्यांना स्वतः लिहिता येऊ लागला. २००२ मध्ये 'जीफोर्स ४ एमएक्स' आलं. नावात चार, किंमत खिशाला परवडणारी, त्यामुळे त्यातलं एमएक्स ४४० आपल्याकडे भरपूर खपलं. पण आतून ते जीफोर्स २ च्या घराण्यातलं, शेडरच नाही! २००३ च्या शेवटी 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' आला आणि तो एमएक्सवर चालेचना. घाला हवी तेवढी रॅम.

आता गंमत बघा. वर्षभराने, नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला. जास्त नवा, जास्त देखणा. तो त्याच एमएक्सवर चालला! कारण लिहिणाऱ्यांनी जुन्या कार्डांसाठी वेगळी वाट ठेवली होती. पाण्याची चमक कमी, सावल्या साध्या, पण गोष्ट शेवटपर्यंत खेळता यायची. गेम किती नवा आहे यावरून अंदाज बांधणारे इथे तोंडघशी पडले. स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून सांगतो, अशी वेगळी वाट म्हणजे वेगळा कोड, वेगळं टेस्टिंग आणि त्यासाठी मॅनेजरची मनधरणी. तुमचा जुना पीसी उपयोगाचा की भंगार, हे बऱ्याचदा दूरच्या कुठल्या तरी अशाच मीटिंगमध्ये ठरलेलं असतं.

खरं तर डब्यावर बरंच काही छापलेलं असायचं. 'व्हाइस सिटी'च्या पीसी आवृत्तीची (मे २००३) किमान मागणी ८०० मेगाहर्ट्झचा पेंटिअम ३, १२८ एमबी रॅम, ३२ एमबीचं व्हिडिओ कार्ड आणि ९१५ एमबी जागा. शिवाय कार्डला टेक्श्चर कॉम्प्रेशन येत नसेल तर आणखी ६३५ एमबी, अशी तळटीप. किती नेमकी माहिती! पण आपल्याकडे डबा बघितला कोणी? गेम यायचा मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर, मित्राच्या मित्राकडून.

त्यामुळे कसोट्या आपल्या आपणच तयार झाल्या. एक म्हणजे मेनू दिसला म्हणून "चाललं" म्हणायचं नाही. व्हाइस सिटीत गाडी काढून गर्दीच्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवायची, मग 'ट्रेल्स' बंद करून आणि लांबचं दृश्य कमी करून पुन्हा बघायचं. दुसरी कसोटी मासिकांच्या सीडीवरचे डेमो. डेमो तुमच्याच मशीनवर चालून दाखवतो, यापेक्षा प्रामाणिक उत्तर नाही. आणि हे सगळं लोडशेडिंगच्या दोन वेळांमध्ये बसवायचं. २००५ नंतर तर तेही अवघड झालं.

उन्हाळ्याचा तर हिशेब कोणीच करत नसे. नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. पेंटिअम ४ फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, तशी त्याची रचनाच आहे. जानेवारीत मस्त चाललेला गेम मे महिन्यात अडखळला, की लोक व्हायरस शोधत बसायचे. पंख्यातली धूळ काढली असती तर निम्मं काम झालं असतं.

पण सगळ्यात जास्त लोक अडकले ते मदरबोर्डवर. इंटेलच्या ८४५जीव्ही आणि ८६५जीव्ही या स्वस्त चिपसेटमध्ये ग्राफिक्स आतच होतं, मेमरी मुख्य रॅममधूनच उचलायचं, आणि एजीपी स्लॉटची सोयच नव्हती. म्हणजे पुढे पैसे जमले तरी एजीपीचं कार्ड लावायला जागा नाही. घेताना हजार-दोन हजार वाचले त्याचा आनंद, आणि दोन वर्षांनी कॅबिनेट उघडल्यावर समजायचं. अशांसाठी मग '३डी अ‍ॅनालाइझ' नावाचं छोटं सॉफ्टवेअर हातोहात फिरलं. ते गेमला चक्क थाप मारायचं, की कार्डात अमुक सोय आहे. काही गेम फसायचे आणि सुरू व्हायचे, त्या सोयीचं काम बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात पडायचं आणि मग स्लाइड शो. पण काही खरंच खेळता यायचे, बरं का.

असो. हे सगळं जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. २०१७ चं जीफोर्स जीटीएक्स १०८० टीआय हे तेव्हाचं दांडगं कार्ड, ११ जीबी मेमरीचं. डिसेंबर २०२४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आला, त्याला हार्डवेअरमधलं रे ट्रेसिंग सक्तीचं. किमान कार्ड आरटीएक्स २०६० सुपर, ८ जीबीचं. मे २०२५ मधल्या 'डूम: द डार्क एजेस'लाही तेच लागतं. १०८० टीआयच्या जोरावर चौकट लहान करून खेळायची सोय त्या डूममध्ये उरलेली नाही.