वारस कोण?

नांदेडहून आम्ही बावीस जण हैदराबादला सालारजंग म्युझियम पाहायला गेलो. निम्म्या मंडळींना ओढ होती ती तासाला ठोके देणाऱ्या घड्याळाची. घड्याळ पाहिले. इटालियन शिल्पकार बेन्झोनीची संगमरवरी रिबेकाही पाहिली. दगडातून झिरझिरीत पदर कसा दिसतो, हे कोडे काही सुटले नाही. ती मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोममध्ये विकत घेतली होती.

त्यांचे नातू मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, १८८९ मध्ये आपल्या पुण्यात जन्मले. काही आठवड्यांतच वडील वारले. १९१२ ते १९१४ निजामाची दिवाणगिरी केली, ती सोडली आणि उरलेले आयुष्य वस्तू आणि पुस्तके जमविण्यात घालविले. लग्न केले नाही. १९४९ मध्ये ते गेले, तेव्हा एवढ्या दौलतीला थेट वारस नव्हता.

मग काय झाले? १९५१ साली त्यांच्याच वाड्यात, दिवाण देवडीत, पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. पुढे नातलगांनी तडजोड करून संग्रह सरकारला दिला. १९६१ च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्व लाभले. १९६८ मध्ये वस्तू मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत आल्या. देवडी मात्र पाडली गेली. कमानी तेवढ्या उरल्या. घर गेले, पण घरातले सामान सर्वांचे झाले.

बिदरी कामाच्या दालनात आमच्यातल्या एक खाला थबकल्या. काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेल्या पानदानाकडे बघत म्हणाल्या, "अस्सेच होते आमच्याकडे. अम्मीने भांडेवालीला दिले, स्टीलच्या डब्यांवर." कुणी हसले नाही. प्रत्येकाला आपापल्या घरातले काहीतरी आठवले.

आपण वारशाच्या गप्पा फार मारतो. नबाबाचा वारसा काचेआड जपला गेला, तो कुणीतरी जपला म्हणून. आपल्या आजोबांची उर्दू वही, फारसी सनद, जुना निकाहनामा माळ्यावर वाळवी खाते. ते वाचणारेही घरात उरले नाहीत. नबाबाला वारस नव्हता. आम्ही तर वारस आहोत!

परतीच्या गाडीत ठरले, की प्रत्येकाने घरातल्या जुन्या कागदांची आणि वस्तूंची यादी करायची. वही कुणीतरी तिथेच काढली. पहिली नोंद खालांनीच सांगितली: पानदान, एक, विकलेले.